रमाबाई रानडे आणि गृहिणीची सरकारदरबारी नोंद

घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कामाची सरकारने दखल घ्यावी, तिला काही आधार द्यावा, ही मागणी अलीकडच्या निवडणुकांतून जन्मली, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ झालेला दिसतो. २०२४ च्या जुलैपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्यासाठी राज्यभर, आणि अर्थातच अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतही, स्त्रियांची जी धावपळ झाली, तिने हा समज अधिकच पक्का केला. कोणी त्या दरमहा १,५०० रुपयांना खैरात म्हटले, तर कोणी स्त्रीच्या श्रमांचा सन्मान. दोन्ही पक्षांनी शब्द जरा सैल वापरले, असे म्हणणे भाग आहे. या प्रश्नाचा आरंभ पाहायचा तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते आणि तेथे ज्या व्यक्तीची गाठ पडते, ती स्वतः आयुष्याची पहिली एकोणचाळीस वर्षे कोणत्याही सरकारी कागदावर ‘घरकाम’ या पलीकडे नोंद होऊ न शकणारी एक गृहिणीच होती. ती व्यक्ती म्हणजे रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा. गाव देवराष्ट्रे, आज सांगली जिल्ह्यात असलेले. (यशवंतराव चव्हाणही पुढे याच गावी जन्मले, एका लहानशा खेड्याने महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला दोन माणसे दिली, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते.) माहेरचे आडनाव कुर्लेकर. घराण्यात मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते, त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून त्यांचे नाव झालेले होते. त्यांनी विधवेशी विवाह करावा, ही सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. रानड्यांच्या चरित्रातील हा एक दुबळा क्षण होय, आणि तो झाकण्याचे कारण नाही. परंतु त्या दुबळेपणाची भरपाई करण्याचा जो मार्ग त्यांनी निवडला, त्यातून महाराष्ट्राला रमाबाई लाभल्या. लग्न होऊन घरी आल्यावर त्यांनी बायकोपुढे पाटी-पेन्सिल ठेवली.

या शिक्षणाची कथा मराठी वाचकाला बऱ्याच अंशी ठाऊक आहे. रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघाले आणि ते आजतागायत वाचले जाते. अलीकडे दूरचित्रवाणीवरील मालिकेनेही ती कथा घरोघर नेली. पण ती कथा आपण बहुधा नवऱ्याच्या उदारपणाची आणि बायकोच्या चिकाटीची म्हणून वाचतो. ती वेळेची कथा म्हणूनही वाचता येते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने हेच वाचन अधिक मोलाचे आहे. रानड्यांचे घर मोठे होते. नणंद, इतर वडीलधाऱ्या बायका, आलेगेले, आश्रित, विद्यार्थी. सोवळेओवळे, स्वयंपाक, पंगती, सणवार, आजारपणे. या सगळ्यात सुनेचा दिवस पहाटे सुरू होई आणि तो तिचा नसे. शिकायचे ते रात्री किंवा पहाटे, दिवसाच्या कामातून जे काही उरेल त्यात. घरातील बायकांचा राग पुस्तकावर होता, तसाच तो पुस्तकापायी कामातून वजा होणाऱ्या घटकांवरही होता, असे त्या आठवणी बारकाईने वाचणाऱ्यास वाटल्याशिवाय राहत नाही. त्यांचा तो राग सर्वस्वी अन्यायाचा होता, असेही म्हणता येत नाही. एकीने हात काढून घेतला की ते काम दुसरीच्या अंगावर पडत होते, पुरुषाच्या नव्हे.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली आणि रमाबाईंना पहिल्यांदा स्वतःचा संसार मिळाला. खर्चाचा हिशेब त्यांच्या हाती आला. मुलींच्या शाळेशी संबंध जुळला, हळदीकुंकवाच्या निमित्ताने अधिकाऱ्यांच्या व वकिलांच्या बायका एकत्र येऊ लागल्या. नाशिकच्या हायस्कुलातील समारंभात त्या प्रथमच प्रमुख पाहुण्या म्हणून लोकांपुढे उभ्या राहिल्या. भाषण रानड्यांनी लिहून दिलेले होते. पुढे पुण्यास परत आल्यावर, १८८२ मध्ये पंडिता रमाबाई तेथे आल्या व आर्य महिला समाज निघाला, तेव्हा या सभांना जाण्यावरून घरात पुन्हा अबोले झाले. मुलींच्या हायस्कुलासाठी गव्हर्नरांपुढे इंग्रजीतून निवेदन वाचून त्या घरी आल्या, तेव्हाही कौतुकाऐवजी टोमणेच वाट्याला आले. ते हायस्कूल म्हणजेच १८८४ साली निघालेली पुण्याची हुजूरपागा.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. मुंबईतील आठ वर्षे रमाबाईंच्या जीवनाचा पाया घालणारी ठरली, असे माझे मत आहे, जरी चरित्रकारांनी पुण्यालाच अधिक जागा दिली असली तरी. येथे हिंदू स्त्रियांचा एक मेळावा त्यांनी चालवला. भाषा, सामान्य ज्ञान, शिवण, हस्तकाम यांचे वर्ग त्यातून निघाले. येणाऱ्या बहुतेक स्त्रिया प्रतिष्ठित घरांतील गृहिणी होत्या. पोटापाण्याची विवंचना त्यांना नव्हती. पण घराबाहेर पडण्यास कारण लागते, आणि ते कारण घराला मान्य व्हावे लागते, हे रमाबाई स्वानुभवाने जाणत होत्या. शिवण हे असे कारण होते. शिवणाच्या आडून वाचन आले, वाचनाच्या आडून सभा आली. सुधारणेचा हा मार्ग घाईच्या माणसाला पसंत पडण्यासारखा नाही, आणि त्या काळच्या तडफदार सुधारकांना तो मवाळ वाटलाही असेल. पण त्याने स्त्रिया खरोखर घराबाहेर आल्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाईंचे एकोणचाळिसावे वर्ष सरत आले होते, अपत्य नव्हते. त्या पुण्यास परतल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी लोकांत वावरणे टाकले. त्यानंतरचा त्यांचा उद्योग पाहिला की थक्क व्हायला होते. तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटणे, रुग्णालयातील आजाऱ्यांची विचारपूस, आळंदीच्या यात्रेत स्वयंसेविका घेऊन जाणे. १९०४ च्या डिसेंबरात मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले व त्याचे अध्यक्षपद रमाबाईंना दिले. गावदेवीतील ही संस्था आजही उभी आहे. उपनगरातून लोकलने ग्रँट रोडला उतरले की ती फारशी दूर नाही. १९०९ साली पुण्यास रानड्यांच्या वाड्यातच सेवासदन सुरू झाले. या कामी त्यांना भारत सेवक समाजाच्या गोपाळ कृष्ण देवधरांची जोड मिळाली.

सेवासदनाची मांडणी समजून घेतली पाहिजे, कारण सरकारी आधार कसा असावा याचा एक धडा तीत आहे. मुलींसाठी शाळा तोवर निघाल्याच होत्या. रमाबाईंची नजर होती ती शाळेचे वय टळून गेलेल्या बाईवर: लग्न झालेली, मुले असलेली, किंवा अकाली वैधव्य आलेली. तिला मुलींच्या शाळेत बसवता येत नाही, तिचा दिवस कामाने बांधलेला, आणि घरची माणसे परवानगी देतील तीही अमुक घटकेपुरती. म्हणून घरकाम उरकून येणाऱ्या प्रौढ स्त्रियांसाठी वेगळे वर्ग, शिवणकामाची खोली, गायनाचे वर्ग. ज्यांना पुढे स्वतःच्या पायावर उभे राहायचे त्यांच्यासाठी शिक्षिका होण्याचे महाविद्यालय. परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात जाणाऱ्या व वैद्यकीय शाळेत शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृहे. उच्चवर्णीय विधवांनी रुग्णालयात परक्यांची शुश्रूषा करावी, ही गोष्ट त्या काळी पुण्यात किती खळबळजनक होती, हे आज परिचारिकेच्या गणवेशात पहाटेची लोकल पकडणाऱ्या मुलीला सांगूनही पटणार नाही. १९२४ मध्ये रमाबाई निवर्तल्या तेव्हा पुणे सेवासदनाच्या निरनिराळ्या वर्गांतून एक हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या.

म्हणजे गृहिणीला आधार द्यायचा तर प्रथम तिच्या दिवसाचा आकार पाहावा लागतो. वर्ग तिच्या वेळेला आणि तिच्या वस्तीजवळ असावा लागतो, आणि तिच्या मागे राहिलेल्या मुलाकडे कोणी पाहावे लागते. आपल्या उपनगरांना हा हिशेब लावून पाहावा. येथील कितीतरी घरांतून बाई ‘घरीच असते’ आणि त्याच घरात बसून पोळीभाजीचे डबे करते, ब्लाऊज शिवते, नकली दागिन्यांचे मणी ओवते, शेजारच्या नोकरी करणाऱ्या बाईचे मूल सांभाळते. तिच्या या कमाईची नोंद कोठे नसते, आणि कमाई नसलेल्या कामाची तर नसतेच नसते. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची. पाळणाघर आहे ते परवडणाऱ्यांसाठी. उपनगरांतील गृहिणी एकजुटीने रस्त्यावर आल्या त्याही घरखर्चाच्या प्रश्नावर. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात गोरेगावच्या मृणाल गोरे यांच्या हाकेला ओ देऊन लाटणी आणि थाळ्या घेऊन निघालेल्या बायकांना सरकारने तेव्हा ओळखले होते, पण ते ग्राहक म्हणून. काम करणारी म्हणून नव्हे.

रमाबाईंच्या शेवटच्या पाच-सहा वर्षांकडे वळू. हा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करता येऊ लागले. पुण्यात प्रश्न निघाला तो असा, की पैसा अपुरा आहे तर सक्ती आधी मुलांपुरती करावी आणि मुलींचे पुढे पाहावे. रमाबाई त्या वेळी साठीच्या घरात होत्या. जन्मभर सौम्यपणे, कोणालाही न दुखावता काम करणारी ही बाई या एका गोष्टीवर मात्र हटून बसली. सभा झाल्या, स्त्रियांची मिरवणूक निघाली, आणि लोकमान्य टिळकांसारख्या पुढाऱ्याचे मत विरुद्ध असतानाही त्यांनी माघार घेतली नाही. मुलगी घरी हवी, धाकट्या भावंडाला सांभाळायला हवी, आईच्या हाताखाली हवी, ही अडचण खरीच होती. पण तिचा अर्थ असा होत होता, की घरकामाचा सारा भार निमूटपणे आठ वर्षांच्या मुलीच्या शिक्षणातून वसूल करावा. सक्तीचा कायदा हवा होता तो याचसाठी, कारण तिच्या वतीने घरात भांडणारे कोणी नव्हते.

दुसरा लढा मताधिकाराचा. १९१९ च्या सुधारणांनी स्त्रियांना मत द्यावे की नाही, हे प्रांतिक कौन्सिलांवर सोपवले होते. मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या वतीने ही मागणी लावून धरणाऱ्यांत रमाबाई पुढे होत्या, आणि १९२१ मध्ये मुंबई कौन्सिलाने स्त्रीत्वाची आडकाठी काढून टाकली. मात्र मत मिळण्यासाठी मालमत्ता किंवा कर यांची अट कायमच होती. आता मालमत्ता कोणाच्या नावावर असे? घर नवऱ्याचे, शेत सासऱ्याचे, दागिना कपाटातला. म्हणजे हक्क मिळाला स्त्रीला, पण तो बजावता आला फारच थोड्या जणींना. आणि वगळली गेली ती नेमकी गृहिणी. पुढे १९३५ च्या कायद्याने यावर उपाय काढला तो असा, की पात्र पुरुषाच्या पत्नीलाही मतदार करता यावे. हीही मान्यताच होती. पण ती तिच्या कामाला नव्हती, तिच्या नवऱ्याच्या मालमत्तेला होती.

कामाला मान्यता द्यावी, असे स्पष्टपणे म्हणणारा कागद रमाबाईंच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी तयार झाला. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीने १९३९ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेतील स्त्रीच्या स्थानाचा विचार करण्यासाठी एक उपसमिती नेमली. तिच्या अध्यक्षा होत्या लक्ष्मीबाई राजवाडे. १९४० च्या या उपसमितीच्या अहवालाने घरकामाला आर्थिक मूल्य आहे हे मान्य केले, कुटुंबाच्या उत्पन्नातील काही भागावर गृहिणीचा पूर्ण अधिकार असावा असे म्हटले आणि विम्याचाही विचार मांडला. स्वातंत्र्यानंतरच्या योजनांनी हा अहवाल जवळजवळ विसरून टाकला. धरणे, पोलाद, खते यांत गुंतलेल्या देशाला चुलीचा हिशेब क्षुल्लक वाटला असावा.

त्यानंतर या प्रश्नाला हात घातला तो न्यायालयांनी, आणि तोही मृत्यूच्या निमित्ताने. १९८९ साली जमशेदपूरच्या समारंभातील आगीत अनेक गृहिणी दगावल्या; त्यांच्या सेवेचे मूल्य काय धरावे, हा प्रश्न लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि २००१ मध्ये न्यायालयाने ते दरमहा ३,००० रुपये धरले. २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल खटल्यात न्यायालयाने जनगणनेवर ताशेरे झाडले, कारण २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी, वेश्या व कैदी यांच्याच पंक्तीला, अनुत्पादक म्हणून बसवले होते. २०२१ च्या कीर्ती खटल्यातही तोच विचार पुढे नेला गेला. बाई जिवंत असेपर्यंत तिच्या कामाला किंमत नाही, आणि मोटारीखाली सापडली की न्यायाधिकरण तिच्या स्वयंपाकाचा दर ठरवते, ही स्थिती आपल्या कायद्याला शोभणारी नव्हे.

या पार्श्वभूमीवर आजच्या योजना तपासल्या पाहिजेत. गोव्याने २०१२ मध्ये ‘गृह आधार’ योजना काढली. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील विवाहित गृहिणीला वाढत्या महागाईत दरमहा ठराविक रक्कम मिळावी, हा तिचा हेतू. येथे निदान गृहिणी हा शब्द तरी आहे. तमिळनाडूने २०२३ मध्ये कुटुंबातील स्त्रीला दरमहा १,००० रुपये देऊ केले आणि योजनेच्या नावातच हक्क हा शब्द घातला. महाराष्ट्राच्या योजनेत ती बहीण आहे. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. घरात कोणी प्राप्तिकर भरत असेल, सरकारी नोकरीत कायम असेल, तर ती अपात्र. दारिद्र्यनिवारणाची योजना म्हणून ही अट रास्तच आहे, आणि ज्या घरात त्या दीड हजारांवर औषध किंवा शाळेची फी भागते, त्या घराने ते हक्काने घ्यावेत. परंतु ही श्रमाची मान्यता नव्हे, हेही तितकेच स्पष्ट बोलले पाहिजे. पालिकेच्या कारकुनाची किंवा अनुदानित शाळेतील शिक्षकाची बायको तितक्याच पोळ्या लाटते, तितक्याच रात्री जागते. तिचे काम या योजनेच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, आणि नवऱ्याच्या पगाराने ते पुसले जाते. १९३५ च्या कायद्यातील तर्कच येथे उलटा फिरलेला दिसतो: तेव्हा नवऱ्याच्या मालमत्तेमुळे ती आत आली, आता नवऱ्याच्या उत्पन्नामुळे ती बाहेर गेली. तिचे स्वतःचे असे काही दोन्ही वेळा मोजले गेले नाही.

मग सर्वच गृहिणींना पगार द्यावा काय? तसे म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात भावनेचा अंश बराच असला तरी तथ्यही आहे. माझा कल मात्र रमाबाईंच्या वाटेकडे आहे. पगार नवऱ्याऐवजी सरकारने द्यायचा आणि बाईचा दिवस होता तसाच राहायचा, यात तिचे बंधन पक्के होण्याचा धोका आहे. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीत घरातील बिनमोल कामासाठी स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८, असे आढळले. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बाईची दहा मिनिटे कमी झाली हे खरे, पण पुरुषाचीही नऊ कमी झाली. ती कोणी उचलली म्हणावे, गिरणीने की गॅसने? रमाबाईंनी सरकारकडे आणि पालिकेकडे मागितले ते शाळा, शिक्षिकांचे महाविद्यालय, रुग्णालयाचे दार, मत. उपनगरातल्या आजच्या रमाबाई मागतील ते बहुधा दिवसभराचे पालिकेचे पाळणाघर, वस्तीतला दुपारचा अभ्यासवर्ग, राहत्या घराच्या कागदावर दुसरे नाव, आणि म्हातारपणी स्वतःच्या खात्यात येणारे निवृत्तिवेतन. यातील एकही गोष्ट बहिणीच्या नात्याने मागण्याची नाही.

टपाल खात्याने १९६२ मध्ये रमाबाईंच्या जन्मशताब्दीचे तिकीट काढले. २०२७ ची जनगणना आता जाहीर झाली आहे. प्रगणक म्हणून घरोघर जाण्याचे काम बहुतेक ठिकाणी प्राथमिक शिक्षकांवर आणि पालिकेच्या कर्मचाऱ्यांवर पडते, म्हणजे या वाचकांपैकीच अनेकांवर. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या चाळीत दार उघडणाऱ्या बाईला ते विचारतील, की आपण काय काम करता. आणि आतून कोणी तरी, बहुधा तिचा नवराच, उत्तर देईल की ती काही करत नाही. रकाना भरण्यापूर्वी त्या शिक्षकाने तिला स्वतःलाच एकदा विचारले, तर नियमपुस्तिकेत त्यास मनाई नाही.